ई-ग्रामस्वराज आणि ऑडिटऑनलाइन : ग्रामपंचायतीचा हिशेब तपासायला किती कामाचे?

गावातल्या गटाराचं बिल कितीचं निघालं हे पाहायला आता पंचायत समितीत खेटे घालावे लागत नाहीत. केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाचं ई-ग्रामस्वराज हे पोर्टल २४ एप्रिल २०२० ला, पंचायती राज दिनी सुरू झालं. त्याआधी आराखड्यासाठी प्लॅनप्लस आणि हिशेबासाठी प्रियासॉफ्ट अशी वेगवेगळी सॉफ्टवेअर होती, त्यांचं काम आता एकाच जागी होतं. लेखापरीक्षणासाठी याच मंत्रालयाचं ऑडिटऑनलाइन आहे. दोन्ही संकेतस्थळं फुकट आहेत आणि नुसते अहवाल वाचायला लॉगिन लागत नाही.

हा आढावा महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतीपुरता आहे, आणि तो हिशेब भरणाऱ्याच्या बाजूने नसून वाचणाऱ्याच्या बाजूने आहे. म्हणजे जागरूक गावकरी, नवा निवडून आलेला सदस्य, किंवा गावच्या कामांवर लिहिणारा वार्ताहर. गुण आधीच सांगून टाकतो: ई-ग्रामस्वराजला पाचपैकी साडेतीन, ऑडिटऑनलाइनला अडीच. पैसा कोणत्या तारखेला कोणाच्या खात्यात गेला, हे पहिलं पोर्टल बऱ्यापैकी चोख सांगतं. त्या पैशात गावाला काय मिळालं, हे दोन्ही मिळूनही सांगू शकत नाहीत. त्यासाठी दप्तरच उघडावं लागतं. पण दप्तरातलं नेमकं कोणतं पान मागायचं, हे पोर्टलमुळे कळतं, आणि तिथेच त्याची खरी किंमत आहे.

हे सगळं ऑनलाइन का आलं

पारदर्शकतेच्या कळवळ्यापेक्षा पैशाच्या अटीमुळे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळात देशभरच्या ग्रामीण स्थानिक संस्थांसाठी २,३६,८०५ कोटी रुपयांची शिफारस केली आणि त्याला अट जोडली: मागच्या वर्षाचे तात्पुरते हिशेब आणि त्याच्या मागच्या वर्षाचे लेखापरीक्षित हिशेब लोकांना ऑनलाइन दिसले पाहिजेत. पहिली दोन वर्षं राज्यातल्या किमान २५ टक्के संस्थांनी हे केलं तरी भागत होतं. २०२३-२४ पासून मात्र ज्या संस्थेचे हिशेब ऑनलाइन, तिच्याच वाट्याचं अनुदान, असा नियम झाला. महाराष्ट्रात हा निधी ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद यांच्यात ८०:१०:१० असा वाटला जातो. म्हणजे सर्वांत मोठा वाटा थेट ग्रामपंचायतीच्या खात्यात येतो आणि तो अडला तर गावातली कामं अडतात.

या अटीचा परिणाम पोर्टलच्या रचनेवर उघड दिसतो. दिवसाची वही बंद करा, महिन्याची बंद करा, वर्षाची बंद करा, यावर सगळा भर आहे. वही बंद झाली की तालुका खूश आणि जिल्हाही खूश. आत काय लिहिलंय याची फिकीर त्या मानाने कमी. ‘देयक अदा’ एवढेच दोन शब्द वर्णनात लिहून लाखभर रुपयांचं प्रमाणक (व्हाउचर) पुढे सरकू शकतं.

पाहायचं कसं

मुखपृष्ठावरून अहवालांच्या भागात जा, आर्थिक वर्ष निवडा, मग राज्य, जिल्हा परिषद, पंचायत समिती, ग्रामपंचायत अशी उतरंड येते. इथे दोन ठिकाणी लोक अडतात. एक, गट ग्रामपंचायत (अनेक गावांची मिळून एक) असेल तर यादीत तुमच्या गावाचं नाव नसतं, ग्रामपंचायतीचं असतं. दोन, एका जिल्ह्यात वडगाव किंवा पिंपळगाव नावाच्या तीन-चार पंचायती सहज असतात. म्हणून आपल्या पंचायतीचा एलजीडी कोड, म्हणजे स्थानिक संस्थांच्या केंद्रीय यादीतला क्रमांक, एकदा लिहून ठेवा. पुढे ऑडिटऑनलाइनवरही तोच उपयोगी पडतो.

आधी मंजूर आराखडा उघडा, खर्च नंतर. आराखड्यात त्या वर्षाची कामं, त्यांची अंदाजित रक्कम आणि निधी बंधित की अबंधित हे दिसतं. पंधराव्या आयोगाच्या २०२१-२६ च्या निधीत ६० टक्के भाग बंधित, म्हणजे ठरावीक कामांसाठीच: निम्मा पिण्याचं पाणी, पावसाच्या पाण्याची साठवण आणि पुनर्वापर यांसाठी, निम्मा स्वच्छतेसाठी. उरलेला ४० टक्के अबंधित निधी गावाच्या गरजेनुसार वापरता येतो, पण पगार आणि आस्थापना खर्चासाठी नाही. खर्चाच्या यादीत अबंधित निधीतून मानधन किंवा कार्यालयाचं वीजबिल गेलेलं दिसलं, तर पहिला प्रश्न तिथेच विचारायचा.

मग प्रमाणकं. पोर्टलवरचा प्रमाणक क्रमांक ‘एक्सव्हीएफसी/२०२२-२३/पी/७’ अशा धर्तीचा असतो. पहिला तुकडा योजनेचा (इथे पंधरावा वित्त आयोग), दुसरा वर्षाचा, तिसरा प्रकाराचा: आर म्हणजे जमा, पी म्हणजे खर्च, सी म्हणजे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरवलेली रक्कम, जे म्हणजे समायोजन. शेवटचा आकडा अनुक्रमांक. एकूण खर्च काढताना फक्त पी धरा. सी आणि जे मिळवून ‘कोटीचा घोटाळा’ जाहीर करणाऱ्या पोस्ट दरवर्षी फिरतात. ती बहुतेक वेळा दुहेरी मोजणी असते.

रक्कम जुळत नाही, कारण…

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून एक आकडेमोड पूर्ण करून पाहू. समजा गटाराच्या कामाचं मूल्य ३,००,००० रुपये आहे आणि ठेकेदार वैयक्तिक नावाने काम करतो. १८ टक्के जीएसटी ५४,०००, म्हणजे बिल ३,५४,००० चं. यातून आयकर टीडीएस १ टक्का, ३,००० (ठेकेदार कंपनी किंवा भागीदारी संस्था असती तर २ टक्के). कराराची करपात्र किंमत अडीच लाखांच्या वर असल्याने जीएसटी टीडीएस २ टक्के, ६,०००. बांधकाम कामगार उपकर १ टक्का, ३,०००. कपात झाली १२,०००. ठेकेदाराच्या खात्यात जातात ३,४२,०००, तेही गौण खनिजाचं स्वामित्वधन आणि करारानुसार कापायची अनामत धरली नाही तर.

आता पोर्टलवर ठेकेदाराच्या नावापुढे दिसणारी रक्कम, मोजमाप वहीतलं मूल्य आणि बिलाची बेरीज हे तीन वेगळे आकडे आहेत आणि तिन्ही बरोबर असू शकतात. त्यामुळे फरक दिसला म्हणून लगेच बोंब ठोकू नका. कापलेले १२,००० पुढे कुठे गेले ते शोधा. आयकर, जीएसटी आणि उपकर भरल्याची वेगळी प्रमाणकं किंवा चलनं असायला हवीत. कपात केली पण भरलीच नाही, हा लेखापरीक्षणातला नेहमीचा आक्षेप आहे. त्यावर व्याज आणि दंड लागतो आणि तो ग्रामनिधीतून द्यायचा की संबंधिताकडून वसूल करायचा, यावर पुढे वर्षानुवर्षं पत्रव्यवहार चालतो.

दुसरं कारण परत आलेले पैसे. खर्चाची रक्कम पीएफएमएस या केंद्राच्या देयक प्रणालीतून जाते. पुरवठादाराचा खाते क्रमांक किंवा आयएफएससी चुकला की बँक रक्कम परत पाठवते. २०१९ आणि २०२० मध्ये देना, विजया, सिंडिकेट, आंध्रा, कॉर्पोरेशन, अलाहाबाद या बँका मोठ्या बँकांमध्ये विलीन झाल्या तेव्हा जुने आयएफएससी बदलले, आणि नोंदणी न सुधारलेल्या पुरवठादारांची देणी अशीच अडली. अशा वेळी एकाच कामाची दोन प्रमाणकं दिसतात. पहिलं रद्द झालं की तसंच राहिलं, हे बँक पासबुकाशी ताडून पाहिल्याशिवाय कळत नाही.

तिसरं, बँकेचं व्याज. आयोगाच्या निधीवर खात्यात जमा होणारं व्याज जमा प्रमाणक करून नोंदवावं लागतं. ते राहून गेलं की पोर्टलची अखेरची शिल्लक आणि पासबुकाची शिल्लक यांत छोटा पण चिवट फरक राहतो, तो दरवर्षी पुढे ओढला जातो, आणि चार वर्षांनी तो नेमका कशाचा हे कुणालाच सांगता येत नाही.

एक प्रमाणक जवळून

समजा नोंद अशी आहे: प्रमाणक क्रमांक ७, एलईडी दिवे खरेदी, पुरवठादाराचं नाव, १,९२,००० रुपये. पोर्टलवर यापेक्षा फारसं काही मिळत नाही. नग किती, वॉट किती, दर काय, कुठल्या खांबावर बसवले, जुने दिवे गेले कुठे, यातलं काहीच नाही. दप्तरात हे सगळं असायला हवं. बिलावर ४० नग आणि प्रत्येकी ४,८०० असा दर निघाला, तर साठा नोंदवहीत ४० नगांची आवक दिसली पाहिजे. महाराष्ट्र ग्रामपंचायत लेखासंहिता २०११ मध्ये हिशेबाच्या नोंदींचे १ ते ३३ ठरलेले नमुने आहेत. त्यातला नमुना १५ उपभोग्य वस्तूंच्या साठ्याचा आणि नमुना १६ जड वस्तूंचा, दिव्यांची नोंद यांपैकी एकात सापडायलाच हवी. आवकेनंतर वाटप: कोणत्या वस्तीत किती, बसवणाऱ्याची सही, तारीख. चाळीस आले आणि बसवल्याची नोंद एकोणतीसची, तर अकरा दिवे कपाटात दिसले पाहिजेत. संध्याकाळी गावात एक फेरी मारून दिवे मोजणं हा सर्वांत स्वस्त लेखापरीक्षणाचा प्रकार आहे.

मग तारखा लावा. सरळ क्रम असा: मासिक सभेचा ठराव, अंदाजपत्रक आणि तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, दरपत्रकं किंवा निविदा, आदेश, माल किंवा काम, मोजमाप किंवा साठा नोंद, देयक, प्रमाणक. बिलाची तारीख ठरावाच्या आधीची असेल तर खरेदी आधी उरकली आणि मंजुरीचा कागद नंतर जोडला. तीन दरपत्रकं एकाच तारखेची, एकाच टंकात आणि फरक दोन-पाचशेचा, हाही ओळखीचा प्रकार. एकाच पुरवठादाराला लागोपाठच्या दिवशी निविदेच्या मर्यादेच्या जरा खालच्या रकमेची दोन-तीन बिलं गेली असतील, तर कामाचे तुकडे पाडलेत असं समजायला हरकत नाही. हे शेवटचं मात्र पोर्टलवर छान सापडतं: यादी पुरवठादाराच्या नावाने लावून पाहिली की पाच मिनिटांत उघडं पडतं. कागदी रोकडवहीत यासाठी अख्खी दुपार जायची.

खरेदी जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरून झाली असेल तर काम सोपं. ई-ग्रामस्वराज आणि जेम यांची जोडणी २४ एप्रिल २०२३ ला मध्य प्रदेशात रीवा इथल्या कार्यक्रमात जाहीर झाली. त्या मार्गाने घेतलेल्या वस्तूचा आदेश, दर आणि नग यांचा माग राहतो. स्थानिक बाजारातून दरपत्रकावर घेतलेल्या वस्तूला तो राहत नाही.

दोन सह्या, एक खण

देयक पाठवायला दोन डिजिटल सह्या लागतात: एक ग्रामपंचायत अधिकाऱ्याची (जुना ग्रामसेवक, २०२४ मध्ये पदनाम बदललं) आणि एक सरपंचाची. एकाने तयार करायचं, दुसऱ्याने तपासून मंजूर करायचं, ही कल्पना उत्तम आहे. प्रत्यक्षात सही साठवलेली दोन्ही डोंगल (यूएसबी उपकरणं) एकाच टेबलाच्या खणात आणि पिन एकाच चिठ्ठीवर असतील, तर तपासणी उरत नाही. सरपंचाने आपलं डोंगल घरी ठेवावं, पिन संगणक परिचालकालाही सांगू नये आणि महिन्याला एकदा पोर्टलवरची खर्चाची यादी स्वतः उघडून पाहावी. वसुलीची नोटीस आली की ‘मला माहीत नव्हतं, माझी सही दुसऱ्याने वापरली’ हे चालत नाही. डिजिटल सही ही कायद्याने सहीच आहे.

सरपंच बदलला, ग्रामपंचायत अधिकाऱ्याची बदली झाली किंवा मुदत संपून प्रशासक आला की जुनी सही काढून नवी नोंदवावी लागते. तोवर देयकं अडतात. ठेकेदाराचं बिल दोन महिने का राहिलं, याचं उत्तर बरेचदा एवढंच असतं, त्यात काळंबेरं नसतं.

पोर्टलवर जे मुळातच नाही

घरपट्टी, पाणीपट्टी, बाजार फी, गाळेभाडं हा ग्रामनिधीचा भाग आयोगाच्या निधीइतका नीट भरलेला क्वचितच सापडतो. नमुना ८ ची आकारणी, नमुना ९ ची मागणी आणि नमुना १० ची पावती हे तिन्ही जुळवल्याशिवाय वसुली खरी की खोटी ते कळत नाही, आणि ते जुळवणं केंद्राच्या पोर्टलवर होत नाही. गैरव्यवहार बहुधा तिथेच होतो, कारण ती रोख रक्कम असते: पावती फाडली, पैसे घेतले, रोकडवहीत आठ दिवसांनी लिहिले किंवा लिहिलेच नाहीत. नमुना १० च्या पावती पुस्तकांचे अनुक्रमांक आणि नमुना ५ ची रोकडवही समोरासमोर ठेवणं हाच त्यावर उपाय.

रोजगार हमीचा खर्च वेगळ्या संकेतस्थळावर असतो. ‘पंचवीस-पंधरा’ या राज्याच्या लेखाशीर्षातून आलेला रस्ता, आमदार-खासदार निधीतला सभामंडप, जिल्हा परिषदेने स्वतः केलेलं काम यांचे पैसे ग्रामपंचायतीच्या खात्यातून जात नाहीत, म्हणून ते इथे दिसत नाहीत. फलक गावात आणि खर्च पोर्टलवर नाही, एवढ्यावरून सरपंचाला धरू नका. आधी काम कोणत्या यंत्रणेचं ते फलकावर वाचा.

स्वनिधीतल्या, म्हणजे पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातल्या, राखीव खर्चाचंही तसंच. मागासवर्गीयांसाठी १५ टक्के, महिला व बालकल्याणासाठी १० टक्के आणि दिव्यांगांसाठी ५ टक्के खर्च व्हायला हवा. पहिल्या दोन्हींचं मासिक विवरण नमुना २८ मध्ये असतं. तो नमुना कोरा असेल तर लेखापरीक्षकाच्या अहवालात आक्षेपाचा एक परिच्छेद ठरलेलाच.

ऑडिटऑनलाइन : अहवाल आहे, पुढचं नाही

आधी कोण कोणाची तपासणी करतं ते. विस्तार अधिकारी किंवा गटविकास अधिकारी येऊन दप्तर पाहतात ती प्रशासकीय तपासणी, लेखापरीक्षण नव्हे. ग्रामपंचायतीचं लेखापरीक्षण महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ च्या कलम १४० नुसार होतं, आणि ते करणारी स्थानिक निधी लेखापरीक्षेची यंत्रणा राज्याच्या वित्त विभागाखाली आहे. मुख्यालय नवी मुंबईच्या कोकण भवनात, कार्यालयं जिल्ह्यांत. ग्रामविकास विभागाचा हिशेब ग्रामविकास विभागाचाच माणूस तपासत नाही, ही या व्यवस्थेतली सर्वांत मोलाची गोष्ट, आणि ती १९३० च्या स्थानिक निधी लेखापरीक्षा कायद्यापासून चालत आली आहे. घटनेच्या कलम २४३-ञ ने पंचायतींच्या लेखापरीक्षणाची तरतूद राज्यांच्या कायद्यांवर सोपवली. जिल्हा परिषदांचे आक्षेप पुढे विधिमंडळाच्या पंचायती राज समितीसमोर जातात.

ऑडिटऑनलाइनवर या कामाचे टप्पे असे: लेखापरीक्षण आराखडा, पथक आणि तारखा, निरीक्षणं, पंचायतीची उत्तरं, मग मसुदा आणि अंतिम अहवाल. कागदी पद्धतीत निरीक्षणाचं काम अर्धसमास पत्राने होई: अर्ध्या पानात लेखापरीक्षकाचा प्रश्न, उरलेल्या अर्ध्यात पंचायतीचं उत्तर. ऑनलाइनमध्ये तीच गोष्ट पडद्यावर येते. उत्तर पटलं तर निरीक्षण तिथेच मिटतं, नाही तर अहवालात परिच्छेद होतो. म्हणून हुशार ग्रामपंचायत अधिकारी लेखापरीक्षक गावात असतानाच कागद काढून देतो. नंतर तोच कागद जोडून परिच्छेद वगळून घ्यायला कितीतरी पट वेळ जातो.

अंतिम अहवाल डाउनलोड केला की आधी आरंभीची आणि अखेरची शिल्लक पाहा. मागच्या वर्षाची अखेर आणि या वर्षाची सुरुवात एकच हवी, आणि ती ई-ग्रामस्वराजवरच्या आकड्याशी जुळायला हवी. जुळत नसेल तर पुढची पानं वाचताना सावध राहा. मग रकमेसह आलेले परिच्छेद. यात दोन शब्द सारखे वाटतात पण वजन वेगळं. रक्कम ‘आक्षेपाधीन’ म्हणजे कागद नाही म्हणून खर्च मान्य केला नाही. कागद आणला तर आक्षेप जाऊ शकतो. ‘वसूलपात्र’ म्हणजे ही रक्कम अमुक व्यक्तीकडून परत घ्या. पहिल्यावर ‘सरपंचाने पैसे खाल्ले’ अशी बातमी करणं चूक, आणि दुसरी नजरेआड करणंही चूक.

वारंवार येणारे आक्षेप ठरलेले: प्रमाणक नाही, मोजमाप वहीत नोंद नाही, अग्रिम (आगाऊ रक्कम) दिलं पण समायोजन नाही (नमुना १७ पाहा), साठा नोंद नाही, कपाती भरल्या नाहीत, रोकडवही आणि बँक यांचा ताळमेळ नाही. आणि यातला सर्वांत वाईट, ‘दप्तर तपासणीसाठी उपलब्ध करून दिले नाही’. हा एक परिच्छेद दहा परिच्छेदांना झाकतो. जिथे दप्तरच मिळालं नाही, तिथे इतर आक्षेप निघणारच कसे? त्यामुळे कमी परिच्छेदांचा अहवाल म्हणजे स्वच्छ कारभार असं धरू नका.

ऑडिटऑनलाइनचे गुण कापले ते आक्षेपांच्या पूर्ततेवर, म्हणजे ते पुढे मिटवले का यावर. अहवाल अपलोड झाला की आयोगाची अट पूर्ण होते, आणि यंत्रणेचा जोर तिथेच ओसरतो. ‘पूर्तता करून पुढील लेखापरीक्षणास दाखविण्यात येईल’ हे उत्तर वर्षामागून वर्षं तसंच पुढे येतं. एखादा आक्षेप किती वर्षं लोंबकळतोय हे पाहायला वाचकाला प्रत्येक वर्षाचा अहवाल उघडून स्वतः जुळवावं लागतं. लेखासंहितेत यासाठी नमुना ३० ही आक्षेप पूर्तता नोंदवही आणि नमुना २७ हे मासिक विवरण आहे. हे दोन नमुने जसेच्या तसे सार्वजनिक केले असते, तर या पोर्टलला आमच्याकडून चार गुण मिळाले असते. शिवाय खेड्यातल्या वाचकासाठी अहवालाची भाषा अवघड आहे आणि मोबाईलवर तक्ते तुटतात.

पोर्टलपासून दप्तरापर्यंत

दोन वाटा आहेत. पहिली ग्रामसभा. अधिनियमाच्या कलम ८ नुसार आर्थिक वर्षातल्या पहिल्या ग्रामसभेपुढे वार्षिक हिशेब, मागच्या वर्षाचा प्रशासन अहवाल, आणि अखेरची लेखापरीक्षण टिप्पणी तिच्या उत्तरांसह ठेवायची असते. विषयपत्रिकेत हा विषय नसेल तर तो घ्या म्हणून सभेआधी लेखी द्या आणि पोच घ्या. सभेत ‘भ्रष्टाचार झाला’ असं ओरडण्यापेक्षा ‘प्रमाणक सातच्या दिव्यांची साठा नोंद वाचून दाखवा’ असं म्हणा. इतिवृत्तात तोच प्रश्न जातो आणि उत्तरही द्यावं लागतं.

दुसरी वाट माहितीचा अधिकार. अर्जाला १० रुपये (कोर्ट फी स्टॅम्प चालतो), प्रतीला पानामागे २ रुपये, उत्तराला ३० दिवस. राज्याच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून ‘गेल्या दहा वर्षांचा सर्व जमाखर्च द्या’ असा अर्ज करून उपयोग नाही. तो फेटाळायला निमित्त मिळतं, किंवा मग हजार पानांचं शुल्क समोर येतं. पोर्टलवरचा क्रमांक घालून नेमकं मागा: ‘सन २०२२-२३, पंधरावा वित्त आयोग, प्रमाणक क्रमांक ७ : प्रमाणक, त्यासोबतचे देयक, संबंधित ठराव आणि साठा नोंदवहीच्या संबंधित पानाची साक्षांकित प्रत.’ बांधकाम असेल तर साठा नोंदवहीऐवजी नमुना २०-क, म्हणजे मोजमाप वही. उत्तर आलं नाही तर ३० दिवसांत पहिलं अपील. ‘दप्तर सापडत नाही’ असं लेखी आलं तर तो कागद जपून ठेवा, पुढच्या लेखापरीक्षणाच्या वेळी जिल्ह्याच्या स्थानिक निधी लेखापरीक्षा कार्यालयाला त्याची प्रत देता येते.

तुमच्या ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली असेल तर त्या तारखेपासूनचा हिशेब या दोन्ही संकेतस्थळांवर शोधू नका. नागरी संस्थांचे वार्षिक हिशेब केंद्राच्या नगरविकास मंत्रालयाच्या सिटीफायनान्स या पोर्टलवर जातात. महापालिकेत वेगळा मुख्य लेखापरीक्षक असतो. रूपांतराच्या वर्षाचे दोन तुकडे दोन ठिकाणी सापडतील. ग्रामपंचायतीची अखेरची शिल्लक आणि नगरपंचायतीची आरंभीची शिल्लक आधी जुळवून पाहा, कारण हस्तांतराच्या यादीत बँक खातं, अनामती आणि अपुरी कामं हमखास राहून जातात.